कुंपणाला टेकलेला शब्द

माझ्या ताईला कुणी गप्प बसवू शकेल, असं आमच्या घरात कुणाच्या स्वप्नातही आलं नव्हतं. तोंडाचा पट्टा म्हणतात ना, तो तिच्या रूपाने आमच्याकडे राहायलाच आला होता. मी धाकटी. माझं एक वाक्य तिने कधी धड पुरं होऊ दिलं असेल तर शपथ! मी "आज शाळेत" म्हणायचा अवकाश, की शाळेत काय झालं, कुणामुळे झालं आणि त्यात चूक माझीच कशी, हे सगळं हीच सांगून मोकळी. मी चिडायची, पाय आपटायची, भरल्या ताटावरून उठून जायची. काही उपयोग व्हायचा नाही. शेवटी मोठी झाल्यावर मी असं काम धरलं, जिथे दिवसभर कुणाशी बोलावंच लागत नाही.

मग मागच्या वर्षी ताईच्या घशात गाठ निघाली. डॉक्टरांनी स्वरयंत्र काढून टाकलं आणि ताई वाचली. ती वाचली ना, मग बाकी सगळं क्षुल्लक, असं मी दाजींना दवाखान्याच्या जिन्यात दहादा सांगितलं. ताईचा नवरा हा माणूस मुळात कमी बोलणारा. त्यांनी दहादा मान डोलवली. घरी आल्यावर दोघांनाही कळलं की क्षुल्लक वगैरे काही नाही. त्या घरात आता माझी वाक्यं पूर्ण व्हायला लागली. मी बोलायला सुरुवात करायची आणि वाक्य आपलं शेवटपर्यंत जायचं, मधे कुणी येतच नसे. मला ते अजिबात सहन व्हायचं नाही.

ताई बस स्थानकावर चौकशीच्या खिडकीत बसते. कुठली गाडी किती वाजता, कुठल्या फलाटावर, रद्द झाली असेल तर का झाली आणि तुम्ही आता काय करावं, सगळं तोंडपाठ. ऑपरेशननंतर तिला एक यंत्र मिळालं. घरात आम्ही त्याला डबा म्हणतो. डब्यावर टाइप करायचं, बटण दाबायचं, की आतून एक अत्यंत सभ्य बाई ते वाचून दाखवते. ताईने दाजींना "बैलासारखे उभे काय राहिलात" लिहिलं तरी ती बाई ते हवामानाच्या बातमीसारखं सांगणार. तेही चाललं असतं. पण बटण दाबल्यावर डबा चार-पाच सेकंद विचार करत बसायचा. तेवढ्यात बोलणं कुठल्या कुठे गेलेलं असायचं. घरात सगळे वीजबिलावर आलेले असताना बाई मधेच मघाचा विनोद सांगायची आणि आम्ही सगळे खोटंखोटं हसायचो. ताईला ते हसू बरोब्बर ओळखू यायचं. हळूहळू तिने डब्याला हात लावणंच सोडलं.

खिडकीत तर आणखी वाईट. रांगेतली माणसं थांबतात होय? "अहो बाई, बोला ना!" म्हणून काचेवर टकटक करायची, आणि आतली बाई "फलाट तीन" म्हणेपर्यंत विचारणारा पेपरवाल्याला विचारून गाडीत चढलेला असायचा. स्थानकाचे साहेब माणूस वाईट नाहीत. त्यांनी महिनाभर पाहिलं आणि मग ताईला म्हणाले, "एक तारखेपासून तुम्ही मागे पार्सलच्या गोदामात बसत जा. तिथे शांतता आहे, बोलायची कटकट नाही." ताईने डब्यावर लिहून एक संधी मागितली. साहेबांनी ती दिली. महिनाअखेरच्या सोमवारी सकाळी ते स्वतः तिच्या मागे उभे राहणार. रांग हलती राहिली तर खिडकी ताईची, तुंबली तर गोदाम.

गोदाम! माझ्या ताईला! खोक्यांशी बोलत बसायला!

माझं डोकं सणकलं आणि डबा घेऊन मी थेट ऑफिसात गेले. आता माझं काम काय ते सांगायला हवं. आम्ही लायब्ररी लिहितो. पुस्तकांची नव्हे. प्रत्येक प्रोग्रॅमला तीच ती बारीकसारीक कामं लागतात. या मजकुराची लांबी किती, हे दोन शब्द सारखे आहेत का, हे इथून उचलून तिथे ठेव. ज्याने त्याने ती पुन्हा लिहू नयेत म्हणून एकदाच नीट लिहून ठेवायची. त्या गाठोड्याला लायब्ररी म्हणतात. भाषा सी. छोट्या यंत्रांसाठी आम्ही केलेली लायब्ररी पुष्कळ ठिकाणी जाते आणि नशीब बघा, ताईच्या डब्यातही तीच होती.

डब्याचा वेळ नेमका जातो कुठे, ते मी मोजलं. बोलणारा प्रोग्रॅम भलत्याच कुणाचा, सीलबंद, त्याला हात लावायची सोय नाही. तो एकेक शब्द घेऊन उच्चारांच्या भल्यामोठ्या कोशात शोधत बसायचा. हा शब्द म्हणजे तो का? नाही? मग हा का? प्रत्येक वेळी विचारणार आमच्या लायब्ररीला. त्यातून सी भाषेत मजकुराची लांबी कुठे लिहून ठेवलेली नसते. शेवटी एक शून्य असतं, ते सापडेपर्यंत मोजत चालायचं. आणि हा प्रोग्रॅम असला विसरभोळा, की आत्ता सांगितलेली लांबी पुढच्या क्षणी पुन्हा विचारणार.

बरं, ही कामं करणारी आमची फंक्शन्स तरी कशी? मजकूर मेमरीच्या घराघरांत साठवलेला असतो, त्यातलं एकेक घर तपासत जाणारी. त्याला कारण होतं. तसं लिहिलं की ते जगातल्या कुठल्याही प्रोसेसरवर चालतं. पण डब्यातला प्रोसेसर नवा, एका दमात सोळा घरं वाचणारा! आणि आम्ही त्याला पहिलीतल्या पोरासारखं अक्षराखाली बोट ठेवून वाचायला लावत होतो. ताईचे चार-पाच सेकंद आमच्याच बोटाखाली अडकले होते. मला आधी डब्याच्या कंपनीचा राग आला, मग प्रोसेसर बनवणाऱ्यांचा, आणि ते सगळे संपल्यावर स्वतःचा.

मग मी ती फंक्शन्स त्या प्रोसेसरच्या स्वतःच्या बोलीत, असेम्ब्लीत, नव्याने लिहायला बसले. ते काम म्हणजे घरातलं सामान दुसऱ्यावर न सोपवता स्वतः उचलून लावणं. कुठली वस्तू कुठल्या खणात, आधी काय, मग काय, सगळं आपणच सांगायचं. पाठ मोडते, पण मला ते आवडतं. तिथे मधे बोलणारं कुणी नसतं.

एक भानगड मात्र असते. सोळा घरं एकदम वाचायची म्हटलं की शब्द संपल्यावरही पुढची दोन-चार घरं वाचली जातातच. मेमरीचे प्लॉट पाडलेले असतात. आपल्याच प्लॉटात जास्तीचं वाचलं तर कुणी विचारत नाही. पण कुंपणापलीकडचा प्लॉट आपला नसेल आणि त्यातल्या एका घरात जरी डोकावलं, तर पहारेकरी प्रोग्रॅमला जागच्या जागी मारतो. समज देणं नाही, दंड नाही, काही नाही. म्हणून आमच्याकडे रीत आहे. शब्द मुद्दाम कुंपणाला टेकवून ठेवायचा, पलीकडे बंदी घालायची आणि मग आपलं फंक्शन त्यावर सोडायचं. जगलं तर पास. आणि हे पास झालंय की नाही ते लिहिणाऱ्याने ठरवायचं नाही, दुसऱ्याने.

दुसरी म्हणजे माझ्या शेजारच्या टेबलावरची चाळणी. तिच्या हातून एक खडा सुटत नाही म्हणून हे नाव पडलं. तिला ते माहीत आहे आणि मनातून आवडतंही. आमचं दोघींचं एक मिनिट पटत नाही.

"तुलनेच्या फंक्शनमध्ये दोन शब्द असतात," चाळणी म्हणाली. "दोन्ही टेकवलेस ना कुंपणाला?"

"टेकवले."

"नक्की?"

"अगं बाई, डोळे आहेत ना? बघ की!"

तिने डोळ्यांत तेल घालून पाहिलं. दोन्ही शब्द कुंपणाला टेकलेले होते. फंक्शन जगलं. तिने सही केली, डबा बनवणाऱ्या कंपनीनेही चाचणीपुरती परवानगी दिली आणि नवी लायब्ररी मी ताईच्या डब्यात घातली.

त्या संध्याकाळी ताईने नाखुशीनेच टाइप केलं, "चालतंय का गं हे." बटणावरून बोट उचलायच्या आत बाई बोलली! दाजींच्या हातून पेपर पडला. ताईने माझ्याकडे पाहिलं, डब्याकडे पाहिलं आणि मग जी सुटली म्हणता! पेपर उचला, पाय पुसून आत या, चहात साखर कमी आहे, तुझे केस काय गं हे, झाडू फिरवल्यासारखे. वर्षभराचं साचलेलं सगळं. बाई हवामानाच्या सुरात आम्हाला झोडपत होती आणि दाजी तोंडावर पेपर धरून हसत होते. रडतही असतील, पेपर होता मधे. माझा जीव भांड्यात पडला.

आणि मग सोमवारच्या आधीच्या शनिवारी दुपारी माशी शिंकली.

मी ताईकडे जेवायला गेले होते. दाजींनी मदत म्हणून सोमवारसाठी ताईचा खिडकीतला पांढरा कोट धुतला होता. खिशातल्या पेनासकट. कोट निळा. ताईने डबा ओढला आणि लिहायला घेतलं. ती लिहितेय, लिहितेय, आणि दाजी ताटात बघतायत. बटण दाबलं. बाई सुरू झाली. "तुम्हाला कोट दिसला, बाही दिसली, कॉलर दिसली" असं करत करत ती चांगली रंगात आली, आणि शेवटच्या शब्दाला एकदम गप्प. डब्यावर लाल दिवा. मग पडदा काळा. मग डबा आपला पहिल्यापासून सुरू.

"बॅटरी असेल," दाजी म्हणाले. त्यांना सुटल्यासारखं झालं होतं.

बॅटरी भरलेली होती. ताईने एक छोटं वाक्य लिहिलं, बाईने म्हटलं. दुसरं लिहिलं, तेही म्हटलं. पण ताईचा चेहरा पडायचा तो पडलाच. खिडकीत साहेब मागे उभे आहेत, पुढे रांग आहे, आणि डबा असा मेला तर? डबा पुन्हा सुरू होईस्तोवर अर्धी रांग ओरडायला लागेल. तिने हळूच लिहिलं, "राहू दे. गोदाम बरं."

गोदाम बरं म्हणे!  मला रडू यायला लागलं की ते रागाच्या वाटेने बाहेर पडतं. "काही बरं नाही!" मी ओरडले. "मघाशी लिहिलंस ते पुन्हा लिही. जसंच्या तसं."

तिने लिहिलं, "कोट धुताना खिसे बघावेत." बाईने व्यवस्थित म्हटलं.

"असं नाही गं! चिडून लिही!"

"आता राग गेला," बाई म्हणाली.

झाली का पंचाईत! आयुष्यभर जिला गप्प कर म्हणून देवाला विनवलं, तिला आता चिड म्हणून विनवायची वेळ आली. फर्माइशीवर चिडता येत नाही कुणाला. मी इकडेतिकडे पाहिलं. कोपऱ्यात आईचं शिवणयंत्र होतं, आई गेल्यापासून ताईकडे असलेलं.

"बरं झालं विषय निघाला," मी म्हटलं. "हे यंत्र तू ढापलंस."

दाजींनी घास तोंडाशी नेता नेता थांबवला. मग त्यांनी आपलं ताट उचललं आणि शांतपणे स्वयंपाकघरात गेले.

ताई माझ्याकडे बघतच राहिली. "आई माझ्या नावाने ठेवून गेली होती," मी आणखी तेल ओतलं. "सगळ्यांना माहीत आहे. कुणी बोलत नाही एवढंच." यातलं अक्षरही खरं नव्हतं. यंत्र मीच नको म्हटलं होतं, खोली लहान आहे म्हणून. पण ताईची बोटं पडली डब्यावर! किती वर्षांचं काय काय त्यात आलं असेल, देव जाणे. ओळीमागून ओळी. मी मान वाकडी करून पडद्याकडे बघत होते. पडदा भरला, डब्याने टुक केलं, म्हणजे आता आणखी अक्षर मावत नाही. ताईने बटण असं दाबलं की टेबल हललं.

बाई बोलली. यंत्र तू नको म्हणालीस, आवाजाने डोकं दुखतं म्हणालीस, आईच्या साड्यांच्या वेळीही असंच केलंस, वगैरे वगैरे, सगळं न चुकता. आणि शेवटच्या शब्दाला लाल दिवा!

"मेलं!" मी टुणकन उडी मारली. "मेलं गं, मेलं!" मी ताईला मिठी मारली, तिच्या गालाचा मुका घेतला आणि टेबलाभोवती फेरी मारली. ताईने दारातल्या दाजींकडे पाहून कपाळापाशी बोट फिरवलं.

मला नेमकं हवं ते मिळालं होतं. डबा थोडक्या बोलण्याने मरत नाही, काठोकाठ भरला की मरतो. आपल्या लिपीतलं एकेक अक्षर साठवायला तीन-तीन घरं लागतात, काना-मात्रांची वेगळी, त्यामुळे तो भरतोही लवकर. काठोकाठ भरला की शेवटचा शब्द जाऊन टेकतो थेट कुंपणाला. परवानगी देण्याआधी कंपनीच्या लोकांनी डबा "मला पाणी द्या" आणि "दिवा लावा" असली शहाणी वाक्यं लिहून तपासला होता. एका दमात एवढं लिहिणारी बाई जगात एकच असावी, आणि ती माझ्या घरात निघावी!

"डबा मी नेते," मी म्हटलं. "उद्या संध्याकाळी परत." ताईने हात हलवला, जा. शिवणयंत्राबद्दल खरं काय ते सांगायचं मी गडबडीत विसरले.

रविवारी सकाळी चाळणीला फोन केला, तर ती ओल्या केसांनीच ऑफिसात आली. मी सगळं सांगितलं. ती थेट आमच्या चाचणीसमोर बसली. एकेक ओळ वाचून काढली. मग म्हणाली, "दोन्ही कुंपणाला टेकवलेत."

"तेच तर सांगतेय मी!"

"दोन्ही एकदम टेकवलेत, अगं. बरोबरीने."

आणि माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. प्लॉटची लांबी सोळाच्या पटीत असते, म्हणून दर सोळा घरांवर एक खूण धरायची. सोळाच्या खुणेवरून पाऊल टाकलं की ते नेमकं कुंपणाच्या आत पडतं, बाहेर कधीच नाही. आमचे दोन्ही शब्द सारख्याच लांबीचे, दोन्ही कुंपणाला टेकलेले, म्हणजे दोघांची पावलं जुळलेली. एक खुणेवर आला की दुसराही खुणेवर. ते मरणार कसे? खऱ्या डब्यात कोशातला शब्द खुणेवर होता आणि ताईचा शब्द तिरका, म्हणजे खुणेवर न बसणारा, कुंपणाला खेटून. पहिल्याच्या खुणेने पाऊल टाकलं, दुसऱ्याचा पाय पलीकडे पडला, पहारेकऱ्याने गोळी घातली. ही चूक करायला कुंपणाची चाचणी माहीत असावी लागते. ज्याला माहीत नाही तो असले दोन शब्द टेकवून ठेवणारच नाही. आम्ही दोघींनी मिळून माती खाल्ली होती, तीही मोठ्या शिस्तीत.

मला वाटलं, आता चाळणी टोमणा मारणार. तिने मारला नाही. ती म्हणाली, "मी सही केली होती यावर." तिचा आवाज इतका बारीक झाला होता की मलाच कसंतरी झालं. "ऊठ," मी म्हटलं. "दुरुस्त करू आणि मग रडू."

दुरुस्ती लहानच होती. सोळा घरं उचलायच्या आधी तिरका शब्द कुंपणाच्या जवळ आलाय का, एवढं बघायचं. आला असेल तर तेवढ्यापुरतं एकेक घर चालायचं, नसेल तर पुन्हा ढांगा टाकायच्या. भीती एकच होती. दरवेळी हे बघण्यातच वेळ गेला तर? ताईचे चार-पाच सेकंद परत आले तर? चाळणीने मोजायला लावलं आणि आम्ही दोघी पडद्याकडे तोंड करून उभ्या राहिलो. बसायचं सुचलंच नाही.

फरक नव्हता. म्हणजे होता, पण यंत्राला कळेल एवढाच, माणसाला नव्हे.

मग चाळणीने चाचणी नव्याने लिहिली. एक शब्द कुंपणापासून एका घरावर, दुसरा दोन घरांवर, मग तीन, मग उलटं, मग लांबी बदलून, जेवढ्या म्हणून जोड्या होतात तेवढ्या सगळ्या. दुरुस्तीआधीच्या फंक्शनवर सोडली, तर ते सुरुवातीलाच मेलं. नव्यावर सोडली. आम्ही जेवणाचे डबे उघडून जेवलो, ती चालूच. चाळणीचे केस वाळले. शेवटी हिरवी ओळ आली.

"हुश्श," चाळणी म्हणाली आणि खुर्चीत अशी पडली की खुर्ची भिंतीपर्यंत सरकली.

नवी लायब्ररी ताईच्या डब्यात घातली. कालचा मजकूर आत तसाच पडून होता. मी बटण दाबलं. बाईने पुन्हा सगळं म्हटलं, यंत्र, साड्या, डोकेदुखी, आणि काल जिथे मेली होती तिथे न अडखळता, अतिशय गोड आवाजात म्हणाली, "निर्लज्ज."

"कुणाला म्हणतेय?" चाळणीने विचारलं.

"मला."

"बरं." तिने सही केली. "तुझ्या बहिणीला विचार, आमच्याकडे चाचणी विभागात येते का."

सोमवारी सकाळी मी रजा टाकली आणि स्थानकावर जाऊन रांगेत उभी राहिले. ताईने दुसऱ्या कुणाचा तरी कोट मागून घातला होता, बाह्या दुमडलेल्या. मागे साहेब हातात चहाचा पेला घेऊन उभे. माझ्या पुढची रांग चांगली लांब होती आणि माझे हात बर्फासारखे गार पडले होते. ज्या हातांनी फंक्शन लिहिलं ते हे हात. खिडकीत बसणारी मात्र ती होती.

एक म्हातारे गृहस्थ आले, त्यांना उत्तर मिळालं, ते गेले. कडेवर मूल घेतलेली बाई आली, गेली. कॉलेजची मुलं आली. "फलाट पाच. पुलावरून जा, खालून नको, तिथे पाणी साचलंय." विचारणाऱ्याचं तोंड मिटायच्या आत उत्तर. रांग हलत होती! मी एकेक पाऊल पुढे सरकत होते आणि दर पावलाला छातीवरचं ओझं थोडं उतरत होतं.

तेवढ्यात एक ट्रंकवाला आला. गाडी वेळेआधी सोडली, तुम्ही लोक फुकटचा पगार खाता, भरपाई द्या, असं काचेवर हात आपटून सुरू झाला. ताईने ते शांतपणे ऐकलं आणि टाइप करायला लागली. तिची बोटं थांबेनात.  लांबलचक आहे हे! काठोकाठ भरणार! टुक झालेलं मला तिथपर्यंत ऐकू आलं. सगळ्या जोड्या तपासल्या होत्या, हिरवी ओळ डोळ्यांनी पाहिली होती, तरी मी डोळे मिटून घेतले.

बाई बोलली. गाडी ठरल्या वेळेलाच सुटली, मोठं घड्याळ तुमच्या डोक्यावर आहे, तुम्ही त्या वेळी पेपरवाल्याशी गप्पा मारत होतात हे मी इथून पाहिलं, भरपाई पेपरवाल्याकडे मागा, पुढची गाडी फलाट दोनवर लागली आहे, ट्रंक टपावर टाकू नका, आत ठेवा, आणि काचेवर हात आपटू नका, काच सरकारी आहे, हात तुमचा आहे. शेवटचा शब्द स्पष्ट ऐकू आला. लाल दिवा नाही, काळा पडदा नाही. रांगेत हशा पिकला. ट्रंकवाला स्वतःशीच पुटपुटत फलाट दोनकडे निघाला.

साहेबांनी चहाचा घोट घेतला. "बाई," ते म्हणाले, "जरा कमी बोलत जा." आणि आत निघून गेले. गोदामाचं नावही निघालं नाही.

 माझी पाळी आली तेव्हा मी काचेला धरूनच उभी राहिले. रात्रभर मनात घोळवलेलं सगळं एकदम तोंडाशी आलं. शिवणयंत्राबद्दल मी खोटं बोलले, ते मुद्दाम बोलले, हे सांगायचं होतं. ती गप्प होती ते वर्ष मला किती जड गेलं, हेही सांगायचं होतं.

"ताई," मी म्हटलं, "मला तुला एवढंच सांगायचंय की तू जेव्हा..."

"शिवणयंत्र संध्याकाळी घेऊन जा," बाई म्हणाली. "आता पुढे सरक, मागे लोक उभे आहेत."

मी पुढे सरकले. बाकावर बसले आणि सगळ्यांच्या देखत रडले आणि हसले. ते वाक्य तसंच अर्धं राहिलं आहे, आणि आता ते पुरं करायची मला काही घाई नाही.